भूकंपाची बातमी आली की नुसता आकडा बघू नका

भूकंप झाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न, किती रिश्टर? आकडा कळला की मोठा का छोटा ते ठरवून मोकळे. पण नुकसानीचा अंदाज हवा असेल तर त्याच बातमीत खोली, अंतर आणि जमीन कसली आहे हे पण शोधा.

आधी आकडा. जमिनीखालच्या प्लेट्स वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असतात, पण फॉल्टपाशी, म्हणजे खडकांमधल्या मोठ्या भेगेपाशी, खडक एकमेकांत अडकून बसतात, मग ताण साठत जातो आणि एक दिवस खडक सटकतो, ती ऊर्जा लाटा होऊन बाहेर पडते. ती किती हे मॅग्निट्यूड सांगतं. रिश्टरची स्केल १९३५ची, मोठ्या भूकंपांना ती पुरत नाही म्हणून आता मोमेंट मॅग्निट्यूड ही दुसरी स्केल वापरतात, बातम्यांमधून रिश्टर काही जात नाही ते सोडा. एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट, दोन वाढले की हजार पट, त्यामुळे ५ आणि ७ मध्ये 'दोनचाच फरक' म्हणू नका. आणि पहिला आकडा पक्का धरायचा नाही. २०११ ला जपानमध्ये आधी ७.९ सांगितलं होतं, ते वाढत वाढत ९.० वर गेलं.

मग खोली. ७० किमीपर्यंत उथळ, ३०० च्या पुढे खोल. खोल भूकंप लांबलांबपर्यंत जाणवतो पण वर येईपर्यंत जोर बराच कमी झालेला असतो. खोली बरोब्बर १० किमी दिसली तर तो बऱ्याचदा नीट मोजता न आल्यामुळे धरलेला आकडा असतो, त्यावर फार विसंबू नका.

अंतराने काय होतं ते न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये बघा. सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ चा भूकंप, शहरापासून साधारण ४० किमीवर, पहाटे, इमारत पडून कोणी गेलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ६.२ चा, म्हणजे छोटा, पण शहराला लागून, जेमतेम ५ किमी खोल आणि भर दुपारी. १८५ माणसं गेली.

लांब असलं म्हणजे वाचलो असंही नाही हां. १९८५ ला मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किमीवर ८.० चा भूकंप झाला आणि शहरात इमारती कोसळल्या, कारण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या गाळावर आहे. गाळ भांड्यातल्या जेलीसारखा डुलत राहिला आणि साधारण ६ ते १५ मजली इमारतींची डुलायची लय त्याच्याशी जुळली, म्हणून त्याच जास्त पडल्या. म्हणून कुठे किती हललं हे वेगळं मोजतात, मर्कॅली स्केलवर, १ ते १२. भूकंपाचा मॅग्निट्यूड एकच, मर्कॅलीचा आकडा गावागणिक वेगळा.

केंद्र किती लांब ते स्वतःला पण काढता येतं, अर्थात भान राहिलं तर! आधी पी लाट येते, छोटा धक्का, मग एस लाट, ती जोरात हलवते. मधले सेकंद मोजा, गुणिले ८, तेवढे किमी. ५ सेकंद म्हणजे ४० किमी. सिस्मोग्राफवाले, म्हणजे यंत्रावर भूकंप मोजणारे, हेच करतात, फक्त निदान तीन ठिकाणांहून वर्तुळं काढतात आणि ती जिथे छेदतात तिथे केंद्र.

हलत असताना मात्र नुसतं मोजत बसू नका. गुडघ्यावर खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून ठेवा, टेबल नसेल तर डोकं-मान हातांनी झाका. धावत बाहेर पडायची घाई नको, बरेच लोक पडणाऱ्या विटा आणि काचांनीच जखमी होतात. थांबल्यावर जिन्याने उतरा, लिफ्ट नाही, आणि तडे गेलेल्या घरात सामान आणायला परत शिरू नका, आफ्टरशॉक, म्हणजे मागाहूनचे धक्के, येतातच. समुद्राकाठी असाल आणि हादरा २० सेकंदांच्या वर लांबला तर सायरनची वाट न बघता उंचावर निघा, आणि त्सुनामीची एक लाट ओसरली म्हणून लगेच खाली येऊ नका, पुढची तिच्यापेक्षा मोठी असू शकते.