थंडीतल्या रायडिंगसाठी विजेवर गरम होणारे कपडे कसे निवडावेत

डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला जाऊन यायचं असेल, तर यातलं काहीही विकत घेऊ नका. आत थर्मल, वर बरं रायडिंग जॅकेट, त्यावर रेनकोट आणि गळ्याला बफ, एवढ्यावर भागतं. विजेवर तापणाऱ्या कपड्यांचा विचार करावा तो जानेवारी-फेब्रुवारीत किन्नौरमार्गे स्पिती गाठायची असेल, किंवा सप्टेंबरअखेर लडाखच्या खिंडी ओलांडायच्या असतील तर. जर्मनी-इंग्लंडात राहून थंडीतही बाइकनेच ऑफिसला जाणाऱ्या मराठी मंडळींनाही हा हिशोब लागू पडेल.

पारा शून्यावर असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने निघालात, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे ९ अंशांइतकी बोचते. त्यामुळे पहिलं काम वारा अडवण्याचं. जॅकेटमधून वारा आरपार जात असेल, तर आतली वीज रस्ता तापवण्यात जाते. ते झालं असं धरून पुढे जाऊ.

१. कपड्यांआधी गाडीची वीज मोजा

बहुतेक जण आधी जॅकेट घेतात आणि मग वायर कुठे जोडायची ते शोधतात. उलटं करा. १२ व्होल्टवर चालणारं, बाह्यांसकट तापणारं जॅकेट लायनर (रायडिंग जॅकेटच्या आत घालायचा थर) साधारण ७५ ते ९० वॅट खातं. ग्लोव्ह्जची जोडी २५ ते ३०, पँट ४० ते ४५. सगळा संच घातला की दीडशे वॅट सहज झाले.

आता गाडीकडे बघा. बीएमडब्ल्यूच्या मोठ्या जीएस टूरिंग बाइकचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, ५०० वॅटच्या आसपास देतो, त्यांनी खुशाल सगळं घ्यावं. आपल्याकडच्या एक सिलिंडरच्या टूरिंग गाड्यांची झेप मात्र बहुधा दोनशे ते तीनशे वॅटपर्यंतच, आणि तीही इंजिन फिरत असताना. त्यातले ५५-६० वॅट हॅलोजन हेडलाइट खातो. फ्युएल पंप, इग्निशन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), टेललाइट यांचा वाटा वेगळा. वर तुम्ही हौसेने लावलेले फॉग लॅम्प आणि फोनचा चार्जर. हे सगळं वजा करून हातात साठ ते शंभर वॅट उरले तरी पुष्कळ.

अल्टरनेटरचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला मिळतो. नाहीच मिळाला तर बॅटरीला छोटा व्होल्टमीटर जोडा. गाडी धावताना तो साडेतेरा ते साडेचौदा दाखवत असेल तर ठीक. कपडे चालू केल्यावर साडेबाराकडे घसरायला लागला, तर तुम्ही बॅटरी पिऊन टाकताय आणि संध्याकाळी स्पितीतल्या काझाला पोहोचल्यावर धक्का मारायची वेळ येणार.

२. पॉवर बँकवाल्या जॅकेटांना भुलू नका

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारी यूएसबी जॅकेटं ५ व्होल्ट आणि २ अँपियरवर चालतात. गुणाकार करा: १० वॅट. चौकात उभं राहून चहा प्यायला ती छान आहेत. वाऱ्यात ती चालू आहेत की बंद, तेही कळत नाही.

७.४ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालणारे ग्लोव्ह्ज आणि बंड्या हा मधला मार्ग. फुल ठेवलं तर बहुधा दोनेक तास, मंद ठेवलं तर जास्त. थंडीत लिथियम बॅटरीचा दम कमी होतो, म्हणून जाहिरातीतल्या तासांवर विसंबू नका आणि जास्तीची जोडी आतल्या खिशात, अंगालगत ठेवा.

लेहला विमानाने जाऊन तिथे गाडी भाड्याने घेणाऱ्यांना हाच पर्याय बरा. भाड्याच्या गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढायला मालक सहसा राजी होत नाही, आणि का व्हावा? फक्त जास्तीच्या बॅटऱ्या हँडबॅगेत घ्या. चेक-इन सामानात त्या चालत नाहीत.

३. आधी धड, मग हात

बोटं गारठतात म्हणून सगळे आधी ग्लोव्ह्जकडे धावतात. पण धड थंड पडायला लागलं की शरीर हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं आणि काळीज-फुप्फुसं सांभाळतं. छाती, पाठ आणि मान उबदार राहिली तर बोटांकडे रक्त जातं. म्हणून वीज मोजकी असेल तर बिनबाह्यांची तापणारी बंडी घ्या. ती कमी वॅट खाते आणि तिच्यासोबत ग्लोव्ह्जही परवडतात. कॉलरमध्ये तार असेल तर उत्तमच.

ग्लोव्ह्ज घेताना तार कुठे आहे ते विचारा. बोटांच्या मागच्या बाजूने थेट टोकांपर्यंत गेलेली हवी, कारण वारा तिथेच आदळतो. हीटेड ग्रिप, म्हणजे हँडलच्या तापणाऱ्या मुठी, फक्त तळहात तापवतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे हँडलबारवर चढवायचे जाड मफ. दिसायला बेंगरूळ, पण ग्रिप आणि मफ मिळून महागड्या ग्लोव्ह्जचं बरंच काम करून जातात.

पायांसाठी बूट एक नंबर मोठा आणि लोकरीचा एकच मोजा. दोन मोजे कोंबले की रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात. तापणारे इनसोल सगळ्यात शेवटी घ्या.

४. माप घट्ट, पण आवळणारं नको

तापणारा थर अंगाच्या जितका जवळ, तितकी ऊब जास्त. आत एकच पातळ थर, मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक. सुती बनियन नको, तो घाम धरून ठेवतो. मधे जाड फ्लीस घालू नका. त्याची जागा तापणाऱ्या थराच्या बाहेर. दुकानात रायडिंगच्या पोझमध्ये बसून, हात पुढे करून बघा: पाठीचा भाग वर सरकून कंबर उघडी पडली तर ते माप तुमचं नाही.

थेट उघड्या कातडीवर मात्र घालू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे कपडे वापरूच नयेत.

५. पडल्यावर काय वाचवेल?

बाजारातले बरेच तापणारे ग्लोव्ह्ज स्कीइंगसाठी बनलेले असतात. ऊब छान, पण बोटांच्या सांध्यांवर संरक्षण नाही आणि तळव्याला रस्त्यावरची घसट सोसायची ताकद नाही. मोटरसायकलच्या ग्लोव्ह्जवर ईएन १३५९४ या युरोपीय मानकाचा उल्लेख शोधा. जॅकेट लायनरला ही अडचण नाही, कारण तो नेहमीच्या रायडिंग जॅकेटच्या आतच जातो.

६. कंट्रोलर आणि जोडणी

छातीवरचं तीन दिव्यांचं बटण चालतं, पण जाड ग्लोव्ह्जमधून दाबायला वैताग येतो. घुंडीवाला कंट्रोलर घ्या. जॅकेट आणि ग्लोव्ह्जला वेगवेगळी घुंडी असेल तर पैसे वसूल. हुडहुडी भरायची वाट न बघता निघतानाच मंद आचेवर सुरू करा. एकदा गारठलेलं अंग पुन्हा तापवायला वीजही जास्त लागते आणि वेळही.

वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्या. १०० वॅटच्या कपड्यांना १० अँपियरचा फ्यूज पुरतो. इग्निशन बंद केल्यावर प्रवाह तुटावा म्हणून इलेक्ट्रिशियनला रिले बसवायला सांगा. हँडलवरच्या मोबाइल चार्जरच्या सॉकेटवर हे चालवू नका. टोकाला ओढल्यावर सुटणारी गोल पिन हवी, कारण उतरताना वायर काढायला तुम्ही कधीतरी विसरणारच. स्टार्टर मारताना कपडे बंद ठेवा, आणि गाडी बराच वेळ आयडलवर उभी असेल तेव्हाही.

७. घरीच रंगीत तालीम

घालण्याचा क्रम आधी ठरवा: थर्मल, लायनर, बाह्यांतून ग्लोव्ह्जच्या वायरी, जॅकेट, मग हेल्मेट, आणि ग्लोव्ह्ज शेवटी. ग्लोव्ह्ज आधी चढवले की हेल्मेटचा पट्टा लागत नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून, कपडे फुल करून रात्री तासभर फेरी मारा. पुण्यात घाम फुटेल, पण व्होल्टमीटर काय म्हणतो ते इथेच कळायला हवं. कुठल्या एकाच जागी चटका लागतोय का तेही बघा. लागला तर आतली तार दुमडली आहे, कपडा बदलून घ्या.

नाको-काझा पट्ट्यात रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यांचा सकाळी काचेसारखा बर्फ होतो. अंग उबदार आहे म्हणून पहाटेच निघू नका, ऊन रस्त्यावर येऊ द्या.

टँकबॅगेत दोन जादा फ्यूज, इन्सुलेशन टेप आणि एक साधे जाड ग्लोव्ह्ज असू द्या. वायर तुटली तर उरलेला दिवस त्यांच्यावरच काढायचा आहे.