एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलेलं बाळ: पुन्हा दाखल करायची वेळ कशामुळे येते, ती कशी टाळायची

खूप आधी जन्मलेली, घरी ऑक्सिजन किंवा नळीने दूध चालू असलेली, आतड्याचं ऑपरेशन झालेली बाळं जोखमीची असतात, हे डिस्चार्जच्या वेळी सांगितलं जातंच. फसवतात ती गरोदरपणाच्या ३४ ते ३६ आठवड्यांत जन्मलेली. दिसायला पूर्ण दिवसांची, पण ओढून प्यायची ताकद कमी. भूक लागली तरी रडत नाहीत, झोपून जातात. दूध कमी गेलं की शी कमी होते, बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) बाहेर पडत नाही, कावीळ चढते आणि सुस्तावलेलं बाळ आणखी कमी पितं.

म्हणून रडायची वाट पाहू नका. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा, दिवसातून ८ ते १२ वेळा. उठत नसेल तर दुपटं काढा, तळवे चोळा. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. वजन रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. मात्र रोज मोजत बसू नका, आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून मोजा. पावडरचं दूध असेल तर पाणी जास्त घालू नका. पोट भरल्यासारखं दिसतं, वजन मात्र अडून राहतं.

दुसरं मोठं कारण श्वासाचं. घरातल्या मोठ्यांची साधी सर्दी अशा बाळाला व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकते. खोकणाऱ्याने बाळ घेऊ नये, मग ती आजी का असेना. हात साबणाने धुवा. घरात सिगारेट-विडी नको, गॅलरीतही नको. धूर कपड्यांना चिकटून आत येतो.

श्वास मोजताना बाळ शांत हवं. पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर हिशोब चुकतो, कारण या वयात श्वास एकसारखा चालत नाही. पाच-दहा सेकंदांचा खंड पडतो, तो चालतो. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजा. तरीही तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले, श्वास २० सेकंद थांबला, तापमान ३८ अंश सेल्सिअस झालं किंवा उबेत घेऊनही ३६.५ च्या वर येईना, झटके आले, किंवा बाळ पिणंच सोडून देऊ लागलं, तर फोनवर विचारत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

औषधांत चूक होते ती मिलिग्रॅम आणि मिलिलिटरच्या गोंधळात. लोहाच्या ड्रॉप्सची कंपनी बदलली की तेवढ्याच मापात औषध कमी-जास्त जातं. डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि १ मिलिलिटरच्या सिरिंजने द्या, चमच्याने नको.

पहिली तपासणी शक्यतो घरी आल्यापासून दोन-तीन दिवसांत. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख मात्र एक दिवसही पुढे ढकलू नका. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री इमर्जन्सीत ड्युटीवरचा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो.