दोन कुबरनेटीस क्लस्टर कसे जोडावेत: सबमरिनर सोर्सपासून

एका क्लस्टरमधल्या (कुबरनेटीसने एकत्र चालवलेल्या मशीनच्या गटातल्या) पॉडला (तिथे चालणाऱ्या अ‍ॅपला) दुसऱ्या क्लस्टरमधला डेटाबेस हवा असला की बहुतेक जण लोड बॅलन्सर लावून तो डेटाबेस बाहेर उघडा टाकतात. काम भागतं, पण माजघरातून स्वयंपाकघरात जायला रस्त्यावरून फेरी मारावी तसं ते आहे. सबमरिनर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्याऐवजी दोन क्लस्टरांमध्ये एन्क्रिप्टेड बोगदा टाकतं. रँचर लॅब्सने ते २०१९ मध्ये आणलं. २०२१ पासून ते सीएनसीएफ या क्लाउड सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे पहिल्या पायरीवर आहे. (खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर रोमनमध्ये टाइप करा.)

सगळ्यात आधी पत्ते. दोन्ही क्लस्टरांचे पॉड आणि सर्व्हिस (पॉडपर्यंत पोचायचं कायमचं नाव-पत्ता) यांचे सीआयडीआर, म्हणजे आयपी पत्त्यांचे पट्टे, कागदावर लिहून काढा. काइंडने (आपल्याच मशीनवर सरावाचे क्लस्टर उभं करणारं टूल) काही न बदलता उभे केलेले दोन क्लस्टर असतील तर दोन्हीकडे पॉडसाठी १०.२४४.०.०/१६ हाच पट्टा निघेल. शेजारच्या दोन सोसायट्यांत बी-२०४ आहे आणि कुरिअरवाल्याला सोसायटीचं नावच सांगितलेलं नाही, असा तो घोळ. क्लस्टर नवे असतील तर वेगळे पत्ते देऊन पुन्हा उभे करा; मी तेच करतो. चालते क्लस्टर पाडता येत नसतील तर सबमरिनरची ग्लोबलनेट ही सोय आहे. ते प्रत्येक क्लस्टरला २४२.०.०.०/८ मधला वेगळा तुकडा देतं. मात्र ते ब्रोकर (क्लस्टरांची गाठ घालून देणारा भाग, खाली येतो) बसवतानाच ‘--ग्लोबलनेट’ लिहून चालू करायचं.

आता बिल्ड. कोड गो भाषेत आहे, पण मशीनवर गो बसवायची गरज नाही. लिनक्स, डॉकर, गिट आणि मेक पुरे, कारण बिल्ड कंटेनरच्या आतच होतं. ‘सबमरिनर-ऑपरेटर’ रिपॉझिटरी क्लोन करा आणि ‘मेक डिप्लॉय’ द्या. इमेज तयार होतात, काइंडचे क्लस्टर उभे राहतात (पत्ते वेगवेगळेच असतात) आणि त्यांवर सबमरिनर बसतं. पहिल्या खेपेला डाउनलोड बरंच असतं, चहा करून या. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसलं तर लिनक्सच्या आयनोटिफायच्या (फायलींवर नजर ठेवणारी सोय) मर्यादा वाढवा. आवरायला ‘मेक क्लीन-क्लस्टर्स’.

खऱ्या क्लस्टरांवर तीन पायऱ्या, सगळ्या सबसीटीएल या सबमरिनरच्या कमांड टूलने. एका क्लस्टरवर ‘सबसीटीएल डिप्लॉय-ब्रोकर’ चालवा. ब्रोकर फक्त ओळखपाळख करून देतो, डेटा त्याच्यातून जात नाही. त्यातून ‘ब्रोकर-इन्फो.सबएम’ फाइल मिळते. तिच्यात किल्ल्या आहेत, गिटमध्ये टाकू नका. मग प्रत्येक क्लस्टरचा कुबकॉन्फिग (क्लस्टरशी जोडायची माहिती असलेली फाइल) घेऊन ‘सबसीटीएल जॉइन’ला ही फाइल द्या, सोबत ‘--क्लस्टरआयडी’ वेगवेगळा. शेवटी ‘सबसीटीएल शो कनेक्शन्स’.

तिथे ‘कनेक्टेड’ दिसायला हवं. माझ्याकडे पहिल्यांदा ‘कनेक्टिंग’वरच अडकलं होतं. लॉग वाचले, पॉड पाडून पुन्हा उठवले, अर्धा दिवस गेला. फायरवॉलवाल्याला मी ‘४५०० उघड’ एवढंच सांगितलं होतं. त्याने टीसीपी उघडलं. आयपीसेक या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने चालणाऱ्या या बोगद्याला लागतं यूडीपी. चूक माझीच, निरोप अर्धा होता. ४५०० सोबत नॅट (वाटेत पत्ते बदलणारी यंत्रणा) शोधायला यूडीपी ४४९० आणि क्लस्टरच्या आतल्या नोडांमध्ये (मशीनांमध्ये) यूडीपी ४८०० मागून घ्या, आणि ‘यूडीपी’ हा शब्द लेखी द्या.

बोगदा जुळला तरी सर्व्हिस आपोआप पलीकडे दिसत नाही. जिथे ती आहे तिथे ‘सबसीटीएल एक्स्पोर्ट सर्व्हिस’ द्या, नेमस्पेससकट (क्लस्टरमधल्या तिच्या कप्प्याच्या नावासकट). मग पलीकडच्या पॉडमधून, सर्व्हिसचं नाव एनजिनएक्स असेल तर, ‘एनजिनएक्स.डिफॉल्ट.एसव्हीसी.क्लस्टरसेट.लोकल’ला कर्ल मारा. शेवट ‘क्लस्टर.लोकल’ नाही, ‘क्लस्टरसेट.लोकल’, हे हमखास चुकतं. छोटी उत्तरं येतात आणि मोठी मध्येच लटकतात, असं झालं तर पाकिटाचा आकार बोगद्यात मावत नाहीये: गेटवे नोडवर (बोगद्याचं तोंड असलेल्या मशीनवर) ‘टीसीपी-क्लॅम्प-एमएसएस’ अ‍ॅनोटेशन (नोडला चिकटवायची नोंद) १२०० वर लावून बघा. बाकी तक्रारींना ‘सबसीटीएल डायग्नोज ऑल’.