दसऱ्याचा झेंडू आषाढात पेरावा

घरच्या बागेत पदरी पडणाऱ्या निराशेचे खापर आपण खतावर किंवा किडीवर फोडतो, पण बहुतेक वेळा चुकलेली असते ती तारीख. दसरा पंधरा दिवसांवर आला असताना झेंडूची रोपे लावणारे, शेजारच्या कुंडीतले लालभडक टोमॅटो पाहून फेब्रुवारीत बी टाकणारे आणि एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर दोन पानांवरच फुलोऱ्याला का गेली असे विचारणारे, या साऱ्यांची मेहनत खरी असते. फक्त ती एक ऋतू उशिरा झालेली असते. पुढचे विवेचन पुण्यातल्या एका लहानशा अंगणाच्या आणि त्यावरच्या गच्चीच्या अनुभवावर आधारलेले आहे. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात त्याच्या तिप्पट-चौपट पडतो, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी पावसाळी भाजीच्या निचऱ्याची जास्त काळजी घ्यावी आणि विदर्भातल्या वाचकांनी उन्हाळ्याची कामे पंधरा दिवस आधी उरकावीत.

मोजण्याची रीत झेंडूवरून सहज समजते. झेंडूचे बी चार ते सहा दिवसांत उगवते, तीन ते चार आठवड्यांत रोप लावण्याजोगे होते आणि मोठ्या गोंड्याच्या जातीला लावणीनंतर फूल उमलायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणजे बियापासून फुलापर्यंत 85 ते 90 दिवस जातात. आषाढी एकादशी ते दसरा हे अंतर नेमके एवढेच असते. 2025 साली एकादशी 6 जुलैला आणि दसरा 2 ऑक्टोबरला होता, म्हणजे मध्ये 88 दिवस होते. एकादशीला बी टाकावे, हा नियम त्यामुळे तोंडपाठ ठेवायला सोपा आहे. मात्र मध्ये अधिक महिना आला की तो फसतो. 2023 साली अधिक श्रावणामुळे हे अंतर 117 दिवसांचे झाले होते, आणि त्या वर्षी एकादशीला पेरलेला झेंडू नवरात्राच्या आधीच उतरणीला लागला. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला तर बाजूच्या फांद्या फुटून फुले वाढतात, पण बहर सुमारे दोन आठवडे लांबतो. खुडणी करायची असेल त्यांनी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या सुमारासच बी टाकून मोकळे व्हावे. तोरणातल्या वाळक्या झेंडूचे बी पुन्हा पेरण्याची हौस अनेकांना असते, परंतु ती फुले बी भरण्याआधीच तोडलेली असतात आणि बहुधा संकरित जातीची असतात. बी धरायचेच असेल तर देशी वाणाचे एक टपोरे फूल झाडावरच पूर्ण वाळू द्यावे आणि चिमटीत घट्ट लागणारे काळे बी तेवढे ठेवावे.

बागेचे वर्ष जूनमध्ये नव्हे, मे महिन्यात सुरू होते आणि त्याची सुरुवात मातीपासून होते. जुन्या कुंड्या रिकाम्या करून माती गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर चार बोटे जाडीने पसरावी आणि आठ-दहा दिवस कडक ऊन द्यावे. त्यामुळे बुरशी, तणाचे बी आणि किडींचे कोष बऱ्याच प्रमाणात मरतात. ढेकळे फोडताना पांढरट, जाड, अर्धगोल वळलेली आणि तपकिरी डोक्याची अळी सापडली तर ती हुमणीच्या जातीची असते; ती कावळ्यांसाठी कठड्यावर ठेवावी, पाच मिनिटांत ती दिसेनाशी होते. त्यानंतर एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चुरलेला पालापाचोळा असे मिश्रण करून दर मोठ्या कुंडीला मूठभर नीमपेंड घालावी. ताजे शेण कुंडीत कधीही घालू नये, कारण ते कुजताना तापते आणि कोवळी मुळे जळतात. नुसती बागमाती भरलेली 20 लिटरची बादली भिजल्यावर 30 किलोंच्या वर जाते, याचा गच्चीवर बाग करणाऱ्यांनी विसर पडू देऊ नये. हलके मिश्रण वापरावे, जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंती आणि तुळया यांच्या वर ठेवाव्यात आणि प्रत्येक कुंडीखाली दोन विटा द्याव्यात, म्हणजे तळाचे भोक बुजत नाही आणि खालची फरशी दिसत राहते.

मृगाचे दोन-चार पाऊस होऊन माती आतपर्यंत ओली झाली की वेलवर्गीय भाज्यांची पेरणी करावी. दोडका, कारले, दुधी, पडवळ आणि घोसाळी यांचे बी रात्रभर पाण्यात भिजवून एका जागी दोन-दोन पेरावे आणि पुढे त्यांतले सशक्त रोप ठेवून दुसरे कात्रीने कापावे. उपटू नये, कारण शेजारच्याची मुळे हलतात. वेलाला निदान 40 लिटर मातीचे भांडे हवे. याहून लहान भांड्यात वेल वाढतो, मांडवही भरतो, पण फळ अंगठ्याएवढे होऊन पिवळे पडते. असे पिवळे पडण्याचे दुसरे कारण म्हणजे परागीभवन न होणे. वेलाला आरंभीचे आठ-पंधरा दिवस बहुतेक नरफुलेच येतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पुढे मादीफूल येते तेव्हा पाकळ्यांच्या मागे देठाजवळ इवलेसे फळ आयतेच दिसते. दुधी आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात आणि शहरातल्या गच्चीवर त्या वेळी कीटक फारसे फिरकत नाहीत, म्हणून दिवेलागणीला एक नरफूल तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे मुडपाव्यात आणि मधल्या पिवळ्या परागकोशाने मादीफुलाच्या केंद्राला हलकेच दोन-तीन वेळा स्पर्श करावा. फळ धरले असेल तर तीन-चार दिवसांत त्याची मान खाली झुकते आणि लव चमकू लागते. कारले आणि काकडी सकाळी उमलतात, त्यांचे काम मधमाश्या करतात.

याच दिवसांत भेंडी, गवार, चवळी, माठ, अंबाडी आणि अळू उत्तम होतात. भेंडीसाठी परभणी क्रांती हा मराठवाड्यातल्या कृषी विद्यापीठाचा जुना वाण अजूनही विश्वासाचा वाटतो, कारण पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला तो बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि तो सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण असल्यामुळे त्याचे बी घरी धरता येते. जुलैच्या झडीत मेथी, पालक किंवा कोथिंबीर पेरण्याचा हट्ट धरू नये. उघड्यावर ती हमखास सडते. टोमॅटोच्या बाबतीतही हा धडा एकदा किंमत मोजून शिकावा लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावलेली बारा रोपे गुडघाभर वाढली, आणि मग संततधारेत खालच्या पानांवरचे तपकिरी डाग वर सरकत गेले. गौरी येईपर्यंत आधाराच्या काठ्या तेवढ्या उभ्या होत्या.

पावसाळ्यातला खरा शत्रू पाणी नसून साचलेले पाणी आहे. दर मोठ्या पावसानंतर गच्चीवर चक्कर मारून ज्या कुंडीत पाणी तरंगत असेल तिच्या तळाच्या भोकात जाड तार फिरवावी. गोगलगायी रात्री नऊनंतर विजेरी घेऊन हाताने वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात; यावर याहून खात्रीचा उपाय अनुभवाला आलेला नाही. फुलांपैकी तेरडा, गुलबक्षी आणि सोनटक्का या दिवसांत फारशी देखभाल मागत नाहीत. शेवंतीकडे मात्र लक्ष हवे. जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेले मुनवे जूनमध्ये वेगळे करून लावावेत आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत दोन-तीन वेळा शेंडे खुडावेत. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधाराची रात्र लागते. आमच्या अंगणातली एक कुंडी दोन वर्षे पानांनी गच्च भरली, पण एकही कळी आली नाही. खत बदलून झाले, माती बदलून झाली, आणि तिसऱ्या वर्षी अंगण धुताना ती सहज मागच्या बाजूला सरकवली गेली, तेव्हा डिसेंबरात फुलांनी वाकली. तिच्या जुन्या जागेवर फाटकाचा दिवा रात्रभर जळत असे.

हस्ताचा पाऊस ओसरला आणि भोंडल्याच्या खिरापती संपल्या की घरच्या बागेचा सर्वांत उदार काळ सुरू होतो, परंतु त्याची रोपे त्याआधीच तयार असावी लागतात. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांचे बी गणपतीच्या सुमारास आडोशाला, पसरट ट्रेमध्ये, कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात टाकावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवरच असावे आणि विरळ असावे. दाट पेरलेल्या व रोज भिजवलेल्या ट्रेमध्ये रोपे एका रात्रीत जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. तो बुरशीचा रोग असतो, आणि पेरणीपूर्वी मिश्रणात ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी घातली तर तो बराच टळतो. टोमॅटोचे रोप साधारण 25 दिवसांनी, वांग्याचे व मिरचीचे पाच-सहा आठवड्यांनी लावावे. टोमॅटो लावताना खालची पाने काढून खोड अर्धे मातीत पुरावे, कारण पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात. वांग्याला मात्र ही सवलत देऊ नये. ऑक्टोबरात लावलेला टोमॅटो डिसेंबरच्या अखेरीस फळावर येतो आणि मार्चपर्यंत पुरतो. पुढे दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की फुले गळू लागतात, म्हणून फेब्रुवारीत बी टाकण्याला अर्थ नसतो. फळाचा तळ काळा व चामड्यासारखा झाला तर तो रोग समजून फवारणी करू नये. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिंब असे पाणी दिल्याने झाडाला कॅल्शियम नीट पोहोचत नाही, त्याची ती खूण असते.

पालेभाज्यांचा पसारा या काळात मनमुराद मांडावा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि 25 ते 30 दिवसांत खुडायला येते. दर दहा दिवसांनी एकेक ट्रे पेरला तर संक्रांतीपर्यंत बाजारातली जुडी आणावी लागत नाही. धणे चपलेच्या किंवा लाटण्याच्या दाबाने रगडून त्यांचे दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग आठ-दहा दिवस धीर धरावा. कोथिंबीर उगवलीच नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सहाव्या दिवशी माती उकरलेली असते. मुळा, गाजर आणि बीट थेट पेरावेत, त्यांची रोपे काढून लावू नयेत. फ्लॉवर आणि कोबी यांच्याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे: तीन महिने एक मोठी कुंडी अडवून एकच गड्डा हाती येतो, आणि त्यात निम्म्या अळ्या असतात.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. वाळक्या व एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढून उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरक्या कापाव्यात, आणि कलमाच्या सांध्याखालून फुटलेले रानटी धुमारे मुळापासून तोडावेत. साधारण 45 दिवसांनी पहिला बहर येतो. आपला गुलाब कुठे उभा आहे हे पडताळायचे असेल तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन पाहावे. तिथल्या पाटीवरचे नाव टिपून घेतले की पुढच्या खरेदीत फसवणूक कमी होते.

हिवाळ्याच्या उतरणीला वाल आणि शेवंती यांच्यावर मावा येतो. पहिल्या दिवशी कोवळ्या शेंड्यावर दहा-वीस ठिपके दिसतात, त्याच दिवशी बोटांनी चिरडून शेंडा धुतला तर पुढचे सारे टळते. पसरलाच तर निंबोळी अर्क करावा: 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, फडक्यातून पिळून, एक लिटर पाणी करावे, त्यात चिमूटभर साबणचुरा विरघळवावा आणि उन्हे उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारावा. हा अर्क त्याच दिवशी संपवावा.

मोगऱ्याला मार्चमध्ये कळ्या हव्या असतील तर त्याला डिसेंबरात उपाशी ठेवावे लागते. पाणी अगदी कमी करावे, पाने पिवळी पडू द्यावीत, जानेवारीत निम्म्यापर्यंत छाटावे, वरची माती उकरून शेणखत भरावे आणि मगच पुन्हा नियमित पाणी सुरू करावे. दिवसाला पाच-सहा तासांचे ऊन नसेल तर मोगरा पानेच देतो. निशिगंधाचे कंद एप्रिल-मे महिन्यांत लावावेत. वासासाठी एकेरी पाकळ्यांचाच निवडावा.

उन्हाळ्यात नवे फार काही मांडू नये. फेब्रुवारीत पेरलेली भेंडी, गवार आणि काकडी तेवढी राखावी, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, मातीवर चार बोटे पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि मार्चच्या अखेरीस 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. पाणी सकाळी सातच्या आत द्यावे. दुपारी वांग्याची पाने लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नये. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून पाहावे, आत ओल लागली तर ती पाने संध्याकाळी आपोआप उभी राहतात. भेंडी एक दिवसाआड तोडावी, नाहीतर ती चरबट होते आणि झाड नवी फुले धरणे थांबवते. एप्रिलच्या मध्यावर मात्र सर्वांत निरोगी झाडाच्या मधल्या दोन भेंड्यांना दोरा बांधून त्या तशाच सोडाव्यात. महिन्याभरात त्या तपकिरी होऊन शिरांवर तडकू लागतात. तेव्हा त्या तोडून चार दिवस सावलीत वाळवाव्यात, दाणे काढून कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसह काचेच्या बरणीत भरावेत आणि बरणीवर वाणाचे नाव व तारीख लिहून ठेवावी. मृगाच्या पेरणीला हेच बी वापरता येते.