आमदारकीच्या उमेदवाराचा परिचय कसा लिहावा: तालुक्याच्या वार्ताहराची पद्धत

विधानसभा लागली की जिल्हा आवृत्तीत प्रत्येक उमेदवाराचा कॉलमभर परिचय द्यायचा असतो. हे काम हमखास नव्या वार्ताहराच्या गळ्यात पडतं. तो उमेदवाराच्या कार्यालयातून व्हॉट्सअॅपवर आलेलं परिचयपत्रक उचलतो, ‘समाजकारणाचा वसा’, ‘जनतेच्या आग्रहास्तव’, ‘तळागाळाशी नाळ’ हे सगळं तसंच ठेवतो आणि पाठवून मोकळा होतो. तोच मजकूर नाव बदलून शेजारच्या मतदारसंघातही खपून जातो. आमच्याकडे नवीन पोरं येतात त्यांना मी वेगळी पद्धत शिकवतो. तीच इथे लिहितोय.

उमेदवाराला भेटण्याआधी त्याचं शपथपत्र वाचायचं. ते नमुना 26 मध्ये असतं. अर्ज दाखल झाला की निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर चढतं, आणि कुणीही उतरवून घेऊ शकतं. शेवटी भाग ‘ब’ म्हणून गोषवारा असतो. बहुतेक पत्रकार तेवढाच बघून ‘अमुक कोटींचे धनी’ अशी चौकट करतात. खरा माल भाग ‘अ’ मध्ये आहे. पाच वर्षांची विवरणपत्रातली उत्पन्नं तिथे सापडतात, पती-पत्नीचीसुद्धा. जमीन वारसाने आली की विकत घेतली, घेतली असेल तर कधी आणि कितीला, गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज किती, शासकीय देणी थकलीत का, शासनाशी ठेके आहेत का, शिक्षण कुठल्या संस्थेतून आणि कोणत्या वर्षी, हे सगळं तिथेच आहे. रकाना कोरा ठेवता येत नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तसं ठरवून दिलं. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

माणूस आधीही उभा राहिला असेल तर त्याची 2014 आणि 2019 ची शपथपत्रंही काढा आणि शेजारी ठेवा. व्यवसायाच्या रकान्यात आधी नुसतं ‘शेती’ होतं आणि आता ‘शेती व बांधकाम’ झालं, तर ते कधी झालं हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. आरोप म्हणून नाही, विचारायचा म्हणून.

गुन्ह्यांचा तपशील जरा सावकाश वाचा. ‘सात गुन्हे दाखल’ एवढंच छापणं हा शुद्ध आळस आहे. सातही गुन्हे रास्ता रोकोचे आणि जमावबंदी मोडल्याचे, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 135 चे असू शकतात. आमच्या भागात ऊसदराच्या आंदोलनात पडलेल्या कुणालाही ते चुकत नाहीत. उलट एकच गुन्हा, पण पतसंस्थेच्या ठेवीदारांनी नोंदवलेला फसवणुकीचा, तर त्या एकावर स्वतंत्र परिच्छेद झाला पाहिजे. कलम कोणतं, खटला कोणत्या कोर्टात आणि दोषारोप निश्चित झालेत का, हे तिन्ही लिहा. गुन्हे असलेल्या उमेदवाराला तिकीट का दिलं याची कारणं पक्षालाही जाहीर करावी लागतात, आणि नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बजावलं. त्या जाहिराती शोधून वाचा. थोडी करमणूकही होते.

आता वहीचं एक पान घ्या आणि वर्षांची उतरंड मांडा. ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती, जिल्हा परिषद, कारखान्याचं संचालकपद, दूध संघ, जिल्हा बँक. कुठे, कधी, कोणत्या पॅनेलमधून, आणि पक्ष कधी बदलला. पडलेल्या निवडणुका हमखास लिहा, कारण परिचयपत्रकात त्या कधीच नसतात. विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच होते आणि 1980 ला आमदार झाले. आर. आर. पाटील 1979 ला सांगली जिल्हा परिषदेवर गेले आणि 1990 ला तासगावातून विधानसभेत. मधली अकरा वर्षं माणूस काय करत होता, हाच परिचयाचा गाभा असतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 पासून अकरा वेळा निवडून आले, पण 1972 आणि 1995 ला पडलेही होते. पडल्यानंतरही माणूस त्याच पक्षात राहतो का आणि त्याच लोकांच्या दारात जातो का, हे त्याच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगतं.

या पानावर दुसऱ्या शाईने आरक्षणंही लिहा. नवी पोरं हे हटकून विसरतात. जिल्हा परिषदेच्या गटांचं, म्हणजे सदस्य निवडून येतात त्या मतदारसंघांचं, आरक्षण फिरतं असतं. विधानसभेचं मात्र 2008 च्या पुनर्रचनेपासून तेच आहे: 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींना आणि 25 जमातींना. त्यामुळे ‘मतदारसंघाचा विकास रखडलाय, म्हणून उतरलो’ असं सांगणाऱ्याचा स्वतःचा गट नुकताच राखीव झालेला असतो. त्यात 2022 पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, खुर्च्याच राहिल्या नाहीत. 20 नोव्हेंबर 2024 च्या मतदानाआधी आमच्याकडे इतके माजी सदस्य आमदारकीला का सरसावले, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. यात लाजिरवाणं काही नाही. पण ते छापून आलं पाहिजे.

मग भेटायला जा. सकाळी जा, कार्यकर्ते जमायच्या आत. आणि ‘आपण का उभे राहताय?’ हा पहिला प्रश्न करू नका. त्याचं उत्तर पाठ असतं. मी विचारतो, ‘आमदार नसल्यामुळे तुमचं कोणतं काम अडलं?’ यावर गटारं, पथदिवे, गल्लीतले रस्ते आले तर पुढचा प्रश्न असा: ‘हे तर ग्रामपंचायतीचं, मग विधानसभा कशाला?’ ‘रस्ते करायचेत’ म्हणाले तर कोणता रस्ता ते विचारा. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतो, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. ज्याला हा फरक सांगता येतो त्याने कधीतरी टेबलाटेबलावर फिरून फाइल हलवलेली असते.

एक ताई मला आठवतात. पंचायत समितीच्या माजी सदस्य, अपक्ष. ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी दुकानाची फुगलेली कॅरीबॅग. आत अर्जच अर्ज, प्रत्येकाच्या पोचेवर आवकचा निळा शिक्का. विषय एकच: कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं तरी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही.

‘ताई, पंचायत समितीत असताना हे मांडता आलं असतं की.’

‘मांडलं ना, दादा. ठराव घेतला, पाठवला. उत्तर काय, तर सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला मंत्री असतात, आमदार असतात. आम्ही बाहेर निवेदन धरून उभ्या.’

त्यांचं शपथपत्र मी वाचून गेलो होतो. त्यांची स्वतःची दोन एकर त्याच कालव्याच्या शेवटच्या वितरिकेवर होती, आणि वर सोसायटीचं कर्ज. म्हणजे त्यात त्यांचा स्वतःचा फायदा होताच. ‘हे लिहू का?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘लिहा की, माझं वाळलं म्हणून तर कळलं.’ परिचयाची सुरुवात मी त्याच वाक्याने केली. त्या निवडून आल्या नाहीत, पण अनामत वाचली. वैध मतांच्या एक षष्ठांशावर अपक्षाने जाणं आमच्याकडे सोपं नाही.

विद्यमान आमदार असेल तर काम सोपं आणि कंटाळवाणं, दोन्ही. तारांकित प्रश्न (सभागृहात मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे) किती आणि कशावर, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या) मांडल्या का, अर्थसंकल्पी मागण्यांवर बोलले का, हे विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलेलं असतं. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी कुठल्या गावात गेला याची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मागा. सभामंडप जास्त की शाळाखोल्या, ते मोजायला अर्धा तास पुरतो.

लिहिताना कारण उमेदवाराच्या शब्दांत, अवतरणात द्या आणि त्याला लागूनच तारखा ठेवा. ‘पण खरं कारण वेगळंच’ असलं शेरेबाजीचं वाक्य नको. ‘मार्चमध्ये गट राखीव झाला, जूनमध्ये पक्षप्रवेश, ऑगस्टमध्ये संपर्क कार्यालय’ एवढं पुरतं, वाचक आपला आपण हिशेब लावतो. घराण्यातला उमेदवार असेल तर आजोबांवर एक ओळ खर्च करा. तीनशे शब्दांत जास्त परवडत नाही.

शब्दमर्यादा सगळ्यांना सारखी ठेवा, अपक्षांनाही. आणि कार्यालयातून कुणी ‘पॅकेज’चा विषय काढला तर सरळ सांगा: पैसे घेऊन छापलेला परिचय जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीने पेड न्यूज ठरवला, तर त्याची रक्कम तुमच्या 40 लाखांच्या खर्चमर्यादेत धरली जाईल. हे ऐकल्यावर बहुतेक जण चहा मागवतात.