फ्लेमप्रूफ पेटीची फट बुजवू नका

विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी कोकणातील एका रसायन कारखान्याच्या देखभाल विभागात रुजू झालो, तेव्हा झोन (ज्वलनशील वायू किती वेळा असू शकतो त्यानुसार केलेले भाग), गॅस ग्रुप (वायूंचे गट) आणि तापमानवर्ग (उपकरणाचा पृष्ठभाग कमाल किती तापेल ते) या तिन्ही गोष्टी मला तोंडपाठ होत्या. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनाही त्या ठाऊक असतात, म्हणून त्यांची उजळणी येथे करत नाही. माझी चूक या पाठांतराच्या बाहेर झाली, आणि ती आळसातून नव्हे, तर काम मनापासून करण्याच्या भरात झाली. त्यामुळेच ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझा पहिलाच पावसाळा होता. टोल्युइन या ज्वलनशील द्रावकाच्या पंपांजवळ उघड्यावर बसवलेल्या फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे आतला स्फोट बाहेर पसरू न देणाऱ्या, केबल जोडण्याच्या पेट्यांमध्ये, पाणी शिरत होते, रात्रपाळीत अर्थ फॉल्टवर, म्हणजे जमिनीकडे वीज गळाल्यामुळे, फीडर ट्रिप होत होते, आणि झाकण उघडावे तर टर्मिनलांवर हिरवट गंज चढलेला दिसे. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये धातूला धातू टेकलेला होता, गॅस्केट कुठेच नव्हते. ते बसवायचे राहून गेले असावे, असा निष्कर्ष मी स्वतःच काढला. स्टोअरमधून ३ मि.मी. जाडीची निओप्रीन शीट घेतली, झाकणाच्या मापाने कापली, बोल्टांची भोके पाडली, दोन्ही बाजूंना सिलिकोन सीलंट लावले आणि बोल्ट आवळून टाकले. आठवडाभरात असे अकरा बॉक्स केले. ट्रिपिंग थांबले. सकाळच्या बैठकीत वरिष्ठांनी सर्वांसमोर माझे कौतुक केले, आणि तो आनंद मी घरी फोन करून सांगितला होता.

चार महिन्यांनी बाहेरचे एक अनुभवी निरीक्षक सविस्तर तपासणीसाठी आले. वीज तोडून, परमिट घेऊन त्यांनी पहिला बॉक्स उघडला, रबराचा तुकडा ओढून काढला आणि विचारले, “हे कोणी केले?” मी पुढे झालो. ते म्हणाले, “आत स्फोट झाला, तर त्याच्या गरम वायूंचे काय होईल, सांगा.” मी आत्मविश्वासाने उत्तर दिले, “सर, आत गॅस जाणारच नाही, मग स्फोट कसा होईल?” माझा सगळा गैरसमज त्या एका वाक्यात होता, आणि मी अनेक नवोदितांच्या तोंडून तेच वाक्य पुन्हा ऐकले आहे.

फ्लेमप्रूफ पेटी हवाबंद नसते आणि तिने तसे असावे अशी अपेक्षाही नसते. दिवसा ती तापते, रात्री निवते, आतली हवा प्रसरण पावते आणि आकुंचते. या श्वासोच्छ्वासाबरोबर बाहेरची वाफ आत येणारच, हे गृहीत धरूनच तिची रचना केलेली असते. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ पेटू शकते ते, ५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे कोकणातल्या थंडीतही त्याची वाफ पेटण्याजोगी असते. आत कॉन्टॅक्टरची ठिणगी पडली किंवा सैल टर्मिनल तापले, तर आतले मिश्रण पेटेल, हेही गृहीतच असते. पेटीकडून दोनच गोष्टींची अपेक्षा असते. आतल्या स्फोटाच्या दाबाने ती फुटू नये, आणि फटीतून बाहेर निसटणाऱ्या गरम वायूंनी बाहेरचे वातावरण पेटू नये. दुसरी अपेक्षा पूर्ण होते ती त्या अरुंद आणि पुरेशा लांब धातूच्या फटीमुळे, जिला आपण फ्लेमपाथ म्हणतो. त्या फटीतून जाताना ज्वालेची उष्णता दोन्ही बाजूंचा धातू शोषून घेतो, आणि बाहेर पडलेला वायू थंड हवेत इतक्या वेगाने मिसळतो की बाहेरचे मिश्रण पेटण्याइतकी उष्णता त्याच्याकडे उरत नाही. म्हणजे मी जिला दोष समजत होतो ती फट हेच त्या पेटीचे संरक्षण होते.

हे तत्त्व फार जुने आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये कोळसा खाणींसाठी केलेल्या दिव्यात ज्योतीभोवती बारीक जाळी होती. खाणीतला वायू जाळीतून आत जाऊन जळत असे, पण ज्वाला जाळी ओलांडून बाहेर येत नसे. आपल्याकडेही फ्लेमप्रूफ उपकरणांच्या चाचण्यांसाठी धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे नाव प्रथम घेतले जाते, याचे कारण या विद्येची पाळेमुळे खाणीतच आहेत.

आता आकडे पाहा, कारण आकड्यांशिवाय ही चूक किती मोठी होती ते कळत नाही. प्रमाणित चाचणीत २५ मि.मी. लांबीच्या फटीतून ज्वाला बाहेर जाऊ शकत नाही अशी जी कमाल रुंदी मिळते, ती प्रोपेनसाठी सुमारे ०.९२ मि.मी., इथिलीनसाठी ०.६५ मि.मी. आणि हायड्रोजनसाठी केवळ ०.२९ मि.मी. आहे. टू-ए, टू-बी आणि टू-सी हे वायूंचे गट मुख्यतः याच मोजमापावर आधारलेले आहेत; टोल्युइन टू-ए गटात येते. प्रत्यक्ष पेटीसाठी मानकाने ठरवलेली फट याहून बरीच लहान, मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी असते. आणि मी तेथे ३ मि.मी.चे रबर घातले होते. बोल्ट आवळल्यावर ते दबून दोन मि.मी. झाले असेल असे धरले, तरी धातू आणि धातू यांच्यातले अंतर टोल्युइनच्या गटासाठीच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक झाले होते. आतला स्फोट त्या रबराला क्षणात बाहेर फेकतो, आणि मग समोर एक रुंद, उघडी वाट राहते. म्हणजे पाणी अडवण्याच्या नादात मी अकरा फ्लेमप्रूफ पेट्यांच्या अकरा साध्या पेट्या केल्या होत्या, त्यांच्यावरची प्रमाणपत्राची पाटी मात्र तशीच होती, आणि त्यांच्याशेजारी चार महिने टोल्युइनचे पंप चालू होते. ही गोष्ट आठवली की आजही माझी झोप उडते.

सिलिकोनविषयी वेगळे सांगायला हवे, कारण रबर न घालणारे लोकही सिलिकोन मात्र निर्धास्तपणे लावतात. ते सुकते, चिकटते आणि पुढच्या वेळी झाकण काढताना फिटर ते पत्तीने किंवा पॉलिश पेपरने खरवडतो. फ्लेमपाथचा पृष्ठभाग ठरावीक गुळगुळीतपणापर्यंत यंत्रावर घासलेला असतो, आणि त्यावरचा एकच आडवा ओरखडा ज्वालेला वाट करून देऊ शकतो. शिवाय सिलिकोनच्या वाफांमुळे कॅटॅलिटिक प्रकारच्या गॅस डिटेक्टरचे सेन्सर निकामी होतात, म्हणजे एकाच नळीने आपण पेटी बिघडवतो आणि गळती ओळखणारे उपकरणही आंधळे करतो. फ्लेमपाथला निर्मात्याने सांगितलेले, कधीही न गोठणारे आणि धातूला न गंजवणारे ग्रीस पातळ थरात लावावे, त्याव्यतिरिक्त काहीही लावू नये.

मग पाण्याचे काय करायचे? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्या नवोदिताला कोणी हसू नये. फ्लेमप्रूफ असणे आणि वेदरप्रूफ असणे ही दोन स्वतंत्र आश्वासने आहेत. दोन्ही हवी असतील, तर फ्लेमपाथच्या लांबीला धक्का न लावता वेगळ्या खाचेत ओ-रिंग बसवलेली, तशीच चाचणी झालेली आणि आवश्यक आयपी दर्जाची (धूळ व पाणी अडवण्याच्या क्षमतेची) पेटीच मागवावी लागते. तोवर पत्र्याची कॅनोपी बसवता येते, पण तीही डोळे मिटून बसवू नये. फ्लँजच्या, म्हणजे झाकण आणि पेटी यांच्या एकमेकांना टेकणाऱ्या कडांच्या, फटीसमोर भिंत, ब्रॅकेट, पाइप किंवा कॅनोपीचा पत्रा फार जवळ आला, तर बाहेर येणारे वायू पुरेसे मिसळत नाहीत. म्हणून टू-ए गटासाठी किमान १० मि.मी., टू-बीसाठी ३० मि.मी. आणि टू-सीसाठी ४० मि.मी. मोकळे अंतर ठेवण्याचा नियम आयएस/आयईसी ६००७९ या स्फोटक वातावरणातील उपकरणांच्या मानक मालिकेच्या भाग १४ मध्ये आहे. वेल्डरला हे माहीत नसते, ते त्याला सांगणे आपले काम आहे.

बाकीच्या चुका मी थोडक्यात सांगतो, कारण त्या तुलनेने लवकर लक्षात येतात. झाकणाचा एक बोल्ट नसेल, तर पेटी प्रमाणित उरत नाही, आणि दर्जा न पाहता बाजारातून आणलेला बोल्ट हा बोल्ट नसल्यासारखाच आहे. केबल ग्लँडचे (केबल पेटीत शिरते तेथील जोडाचे) किमान पाच पूर्ण आटे गुंतलेले असावेत. न वापरलेले भोक प्लॅस्टिकच्या बुचाने किंवा चिकटपट्टीने नव्हे, तर प्रमाणित प्लगनेच बंद करावे. जागेवर ड्रिल लावून नवे भोक पाडण्याचा मोह कितीही झाला, तरी तो आवरावा. पेटीत जादा घटक कोंबू नयेत, कारण आतली जागा कप्प्यांत विभागली गेली की एका कप्प्यातला स्फोट दुसऱ्यातले मिश्रण आधी दाबतो आणि मग पेटवतो, त्यामुळे पेटी ज्या दाबाला तपासलेली असते त्याहून कितीतरी अधिक दाब निर्माण होऊ शकतो.

पाटीवरचे शेवटचे अक्षर वाचण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ असेल, तर वापराच्या काही विशेष अटी आहेत आणि त्या प्रमाणपत्रातच वाचायला मिळतात. ‘यू’ असेल, तर तो केवळ घटक आहे. रिकामी ‘यू’ पेटी विकत घेऊन तीत आपल्या मनाने स्विचगियर बसवले म्हणजे प्रमाणित उपकरण तयार होत नाही. तसेच पाटीवर वेगळे काही लिहिलेले नसेल, तर उपकरण उणे २० ते अधिक ४० अंश एवढ्याच परिसर तापमानासाठी असते. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या वर जातो, उन्हातल्या छतावरची गोष्ट तर वेगळीच, तेव्हा टी-४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांहून अधिक तापणार नाही ही हमी तेथे आपोआप लागू होईल असे समजू नका.

मार्गदर्शकांविषयी माझे मत काहींना कठोर वाटेल. “आम्ही वीस वर्षे असेच करतो, काही झाले नाही,” असे म्हणणाऱ्या माणसाकडून या कामातले काहीही शिकू नये, मग तो इतर बाबतींत कितीही निष्णात असो. स्फोट होण्यासाठी गळती, बिघडलेली पेटी आणि ठिणगी हे तिन्ही एकत्र यावे लागतात, आणि ते वीस वर्षे एकत्र आले नाहीत यावरून पेटी चांगली होती असे सिद्ध होत नाही. माझे खरे गुरू म्हणजे आमच्या विभागातले एक फोरमन काका होते. ते फार बोलत नसत, पण त्यांच्या खिशात फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्ट्यांची मापनी, कायम असे. तपासणीनंतर मी मान खाली घालून बसलो होतो, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आता अकराच्या अकरा बॉक्स तू स्वतः मोज.” त्या मोजणीत मी जे शिकलो, ते दोन दिवसांच्या कोणत्याही कार्यशाळेत मिळाले नसते. प्रमाणपत्रे गोळा करण्यालाही माझा विरोध नाही. ब्रिटनमधील कॉम्पेक्स किंवा आयईसीईएक्स या योजनांची, स्फोटक वातावरणात काम करणाऱ्या व्यक्तींसाठीची सक्षमता प्रमाणपत्रे परदेशी तेल व वायू प्रकल्पांत उपयोगी पडतात. पण ज्याने कधी फ्लँज हाताने पुसून पाहिलेला नाही, त्याने आधी त्या कामाला वेळ द्यावा आणि नंतर शुल्क भरावे.

वाचनाचा क्रम विचाराल, तर मी वर सांगितलेल्या ६००७९ मालिकेच्या भाग १४ आणि भाग १७ पासून सुरुवात करायला सांगतो. पहिला उभारणीविषयी आहे, दुसरा तपासणीविषयी, आणि त्यातले दृश्य, निकट व सविस्तर हे तपासणीचे तीन स्तर समजले की रोजच्या कामाला शिस्त येते. फ्लेमप्रूफ पेट्यांचा भाग १ त्यानंतर वाचा, तो कठीण वाटेल, पण फटींचे तक्ते तेथेच आहेत. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संस्था, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय नागपुरातच आहे. उपकरणाची खरेदी करताना त्यांची मान्यता नेमक्या त्याच मॉडेलला, त्याच गॅस ग्रुपसाठी आहे का, हे कागदावर पडताळा. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

एवढे वाचून कोणाला आपल्याच कारखान्यातला एखादा रबर लावलेला बॉक्स आठवला असेल, तर घाबरून जाऊ नका आणि तो गुपचूप दुरुस्तही करू नका. मला त्या दिवशी नोकरी जाईल असे वाटले होते, ती गेली नाही, कारण मी लगेच सर्व अकरा बॉक्सची यादी लिहून दिली. लेखी कळवा, उत्पादन विभागाला विश्वासात घ्या, परमिट घेऊन वीज तोडा, लॉक लावा आणि पाटीवर थांबण्याचा अवधी दिला असेल तर तो पूर्ण होऊ द्या, कारण आत कपॅसिटर किंवा तापलेला भाग असू शकतो. रबर काढल्यावर पृष्ठभाग मऊ कापडाने आणि निर्मात्याने सांगितलेल्या द्रावकाने पुसा, खरवडू नका. नंतर झाकण बसवून सर्व बाजूंनी फट मोजा. आमच्या अकरांपैकी सात पेट्या मोजमापात बसल्या. उरलेल्या चार पेट्यांच्या फ्लँजवर ओरखडे होते. त्या जागेवर घासून सपाट करण्याची परवानगी मी मागितली होती, निरीक्षकांनी ती नाकारली आणि त्याच मालिकेच्या भाग १९ मधील दुरुस्तीचे नियम दाखवले. त्या चार पेट्या बदलून ओ-रिंग असलेल्या नव्या पेट्या येईपर्यंत त्यांच्याशेजारचे पंप बंद ठेवण्यात आले.