बेइजिंगचं झू बघायला जाताय? आधी पांडा, मग मागची बाग

बडोदेकरांना झू आणि बाग एकत्र असणं काही नवीन नाही, सयाजीरावांची कमाटीबाग १८७९ पासून आहेच की. बेइजिंगचं झूही मुळात बागच, राजघराण्याच्या जुन्या बागांच्या जागेवर १९०६ मध्ये शेतीच्या प्रयोगांसाठी फार्म काढलं, त्यात जर्मनीहून आणलेले प्राणी ठेवले आणि १९०८ ला ते लोकांसाठी उघडलं.

जायला एकदम सोपं, मेट्रोची ४ नंबर लाइन पकडायची, स्टेशनचं नावच 'दोंगवूयुआन' म्हणजे प्राणीसंग्रहालय. पासपोर्ट ओरिजिनल जवळ ठेवा, पैसे द्यायला अलीपे हे ॲप घरूनच मोबाईलमध्ये टाकून त्यात कार्ड जोडून घ्या, गूगल मॅपच्या भरवशावर तर राहूच नका, तिथे ते धड चालत नाही. पांडा हाऊसचं तिकीट वेगळं असतं, त्यामुळे गेटवरच दोन्ही एकत्र मागा. आणि १ ऑक्टोबरपासूनचा त्यांचा सुट्टीचा आठवडा टाळाच, गर्दीत पांडा नाही, लोकांचे मोबाईलच दिसतील.

सकाळी गेट उघडल्या उघडल्या थेट पांडाकडे जायचं, वाटेत माकडं दिसली तरी थांबायचं नाही. सकाळी तो बसून बांबू खात असतो, पुढच्या पंजात अंगठ्यासारखं एक जादा हाड असतं त्यात कांडी धरून दाताने सालपट सोलतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. दुपारी मात्र नुसती पाठ दिसते. बाकी काही पिंजरे जुनाट आहेत, खरं सांगायचं तर बघवत नाहीत, तिथे वेळ घालवू नका. सोनेरी केसांची, निळ्या तोंडाची माकडं तेवढी बघा.

मग मागच्या बाजूला चला, बहुतेक टुरिस्ट इथे येतच नाहीत. तळी, वाकलेली विलोची झाडं, दगड रचून केलेले डोंगर, छोटे पूल, जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर कमळंही. चिनी बागेत सगळं एका नजरेत दिसत नाही, वळण घेतलं की पुढचं दिसतं, म्हणून सरळ मोठा रस्ता सोडून पायवाटेनेच फिरा. तिथेच छांगक्वानलौ आहे, महाराणी त्सिशीच्या विश्रांतीसाठी बांधलेला महाल, पण चिनी छपराची अपेक्षा ठेवू नका, चक्क युरोपियन थाटाचा आहे. बाई १९०८ च्या नोव्हेंबरमध्येच वारल्या, त्यामुळे फारसा उपभोग झाला नाही.

शाकाहारी असाल तर लीलो चिवडा, थेपले पिशवीत असू द्या, आत खाण्याचे हाल होतात. उन्हाळ्यात झूच्या शेजारून समर पॅलेसला कालव्यातून बोट जाते, पाय दुखत असतील तर तीच घ्या.